न मोजलेल्या पेशी

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तो ताजा आहे; असे दाखले फार दिवस टिकत नाहीत.

१. राहते घर मुलीला. मागचे दार ओढून घेतल्याशिवाय लागत नाही. माझा भाऊ वाटा मागायला येईलच; आमची आई अंथरुणाला खिळली तेव्हा तो कुठे होता, एवढेच त्याला विचारावे.

२. ठेवी मला सांभाळण्यातच संपतील. उरल्या तर मुलीच्या.

३. माझा मेंदू प्रयोगशाळेला. एकतीस वर्षे मी इतरांच्या मेंदूचे पातळ काप रंगवून पेशी मोजल्या. मोजायच्या फक्त चेतापेशी. भोवतीच्या बारक्या पेशींना आम्ही गडीमाणसे म्हणायचो. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण, चष्मेवाली, एकदा म्हणाली, "अगं, डागाभोवती ह्याच गोळा झाल्यात बघ. ह्यापण मोजूया ना!" मी हसले, आणि ही वेळ घालवते असे साहेबांच्या कानावर घातले. त्यांनी तिला बाटल्या धुण्याच्या खोलीत पाठवले.

तिचेच खरे होते. चिकट प्रथिनाचे डाग उचलायला आलेल्या सफाईच्या पेशी वर्षानुवर्षे तिथेच चिडून राहतात, शेजारच्या तारकापेशींनाही चिथावतात. मग तारकापेशी चेतापेशींना पोसायचे सोडतात, आणि सफाईवाल्या चेतापेशींना जोडणारे चांगले सांधेही गिळू लागतात. कुंपणच शेत खाते. आता हे माझ्या डोक्यात चालले आहे, आणि मला त्याची फार भीती वाटते.

४. माझा सूक्ष्मदर्शक चष्मेवालीला. माझे काप तिनेच पाहावेत आणि सगळ्या पेशी मोजाव्यात, गडीमाणसांसकट.

५. आज सकाळी ती आली तेव्हा मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "अगं, ही चौथी वेळ. परवापण अशीच रडलीस." मला आधीची एकही आठवत नाही. पुन्हा मागितली, तर कितवी ते तिने सांगू नये. पहिल्यांदा ऐकल्यासारखे ऐकावे.

साक्षीदार: शेजारचे शिंपी (सही), त्यांच्या पत्नी (सही). चष्मेवालीला यात वाटा असल्याने तिची सही चालत नाही, असे वकील म्हणाले. ती बाहेर बसली आहे.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर.
दिनांक: सोळा जानेवारी, मुलीला विचारून लिहिला.
(सही)