अर्धी गोळी

प्रिय चिमणे,

अक्षर वाकडंतिकडं दिसेल, डाव्या हाताने लिहितेय. उजव्या हाताच्या बोटात शिलाई मशीनची सुई घुसली तेव्हा फोनवर तुला ‘किरकोळ आहे’ म्हणाले, ते खोटं होतं. बोट टम्म फुगलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फरक नाही. दुसऱ्या दिल्या, तरी ठणका तसाच आणि लाली मनगटाच्या वर सरकलेली. मग ते म्हणाले, आता अंदाजाने औषध नको, आणि पू कापसाच्या काडीवर घेऊन तपासायला पाठवला.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. जंतू बशीत वाढवतात आणि ते कशाने मरतात ते बघतात. रिपोर्ट आणायला गेले तेव्हा तपासणाऱ्या बाईंना म्हटलं, मला बशी बघायचीय. त्या म्हणाल्या, “मावशी, हे काय कापडाचं दुकान आहे, उलगडून दाखवायला?” पण दाखवली, काचेआडून. झबल्याच्या बटणांएवढ्या चकत्या, प्रत्येकीत वेगळं औषध. आणि जंतू सायीसारखे पसरलेले, चकत्यांना अगदी खेटून. एकाच चकतीभोवती तेवढं स्वच्छ रिंगण होतं, तेवढ्या एकाच औषधाने ते मेलेले. मी बाईंकडे बघून हसले, पण जिन्यात कठडा धरून बसून राहिले.

तिथे तुझे बाबा आठवले. त्यांचं सगळं अर्धं अर्धं असायचं. संत्रं सोललं की अर्धं माझं, आणि गोळ्यांची पट्टीसुद्धा तशीच. जरा बरं वाटलं की स्वतःचं औषध बंद आणि उरलेलं पुढच्या आजाऱ्यासाठी डब्यात जपून ठेवायचं. तुला ताप आला की पट्टीतली गोळी डब्याच्या झाकणावर सुरीने मधोमध कापायचे, चुरा सांडला तर बोटाने टिपून तुझ्या जिभेवर ठेवायचे. मला हेवा वाटायचा गं, इतकं प्रेम होतं त्यात. पुढे त्यांच्या छातीच्या दुखण्यावर एकेक औषध चालेनासं झालं. त्या सवयीमुळेच झालं का, असं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, छातीठोक सांगता येणार नाही, पण अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, कधीकधी निर्ढावतात.

उद्या मला दवाखान्यात दाखल करणार आहेत. ते एक औषध शिरेतून देतील. चालेल म्हणतात. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पण चिमणे, हे पत्र माझ्या हातासाठी नाही. काल तू म्हणालीस, पिल्लूला ताप आहे, नाही उतरला तर बाबांच्या डब्यातली अर्धी गोळी देते. मी ‘नको’ म्हटलं तर हसलीस, ‘आई, वाचून वाचून घाबरट झालीस’ म्हणालीस. हो, झाले घाबरट. बशी बघितल्यापासून ती साय डोळ्यांपुढून हलत नाही आणि त्या सायीत मला पिल्लू दिसते. तिला आजच डॉक्टरांकडे ने. औषध लागेल की नाही ते त्यांना ठरवू दे, आणि दिलंच तर सांगतील तितकं पुरं दे. शेजारच्या वहिनी आत्ताच तुझ्या गावी निघाल्यात, पत्र त्यांच्या हाती देतेय. त्यांना रिकाम्या हाती पाठवू नकोस, डब्यातल्या सगळ्या गोळ्या त्यांच्याकडे दे, त्या औषधाच्या दुकानात नष्ट करायला नेऊन देतील. डबा मात्र ठेव. झाकणावर बाबांच्या सुरीचे ओरखडे आहेत, ते पुसू नकोस.

तुझीच, एका हाताची
आई