पावणेसातचा फोन

३ डिसेंबर, मंगळवार

सावद्याहून सायकलने रावेर, रावेरहून परत. थंडी. हातमोजे दोन वेगळ्या जोड्यांतले निघाले, तसेच घातले.

वाटेत पांढरी पिकअप, केळीचे घड वरपर्यंत. माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली. चालकाचा फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये, मान वाकडी. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात नंबर स्वच्छ आला. घरी येऊन क्लिप कापली, पोलिसांच्या अ‍ॅपवर टाकली. वेळ, ठिकाण, नंबर. ‘तक्रार नोंदवली आहे.’

शेजारच्या अक्का पायरीवर गहू निवडत होत्या.
“काय मॅडम, आज किती सापडले जाळ्यात?”
“एक.”
“एकच? मंग आज उपास.”

६.४५ला लेकीचा, मुक्ताचा फोन, पुण्याहून. तेवीस मिनिटे. तिच्या ओवीला शाळेच्या नाटकात झाडाचे काम मिळाले आहे. झाडाला संवाद नाहीत म्हणून रुसली आहे. अक्कांशी झालेली दोन वाक्ये सोडली तर दिवसभरात बोलले ते एवढेच.

५ डिसेंबर, गुरुवार

कोपर दुखते आहे. थंडीत दुखते. टेम्पोचा आरसा लागला त्याला पावणेदोन वर्षे झाली. चालक फोनवर हसत होता. थांबला नाही, कारण त्याला कळलेच नाही. कळून पळाला असता तर निदान…

बी-बियाण्यांच्या दुकानात गोपाळभाऊ भेटले. कॅमेरे घ्यायची कल्पना त्यांची. आम्ही पाच जण होतो, दर रविवारी एकत्र निघायचो. आता मी. त्यांना विचारले, या रविवारी येता का?

“मॅडम, मी शेवटची क्लिप टाकली ती गाडी माझ्याच साडूची निघाली. बायको आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.”
“नंबर पाहिला नव्हता का?”
“नंबर पाहिला हो. साडू नव्हता पाहिला.”

दुकानातले सगळे हसले. मीही. बाकीच्या तिघांचेही असेच काहीतरी झाले असणार. इथे प्रत्येक गाडीत कुणाचा तरी कुणीतरी बसलेला असतो. माझे इथे कुणी नाही. हे गेल्यापासून तर नाहीच. म्हणून मला जमते.

११ डिसेंबर, बुधवार

तीच पिकअप. तोच माणूस, तशीच मान. पाठवली.

मु.चा फोन, १९ मि. तिच्या ऑफिसमधल्या एका बाईंनी टेबलावर कोथिंबीर लावली आहे, मीटिंगमध्ये बसून खुडतात. खूप हसलो. फोन ठेवल्यावर मी आणखी थोडी हसले, मग घरातला आवाज लक्षात आला आणि थांबले.

१४ डिसेंबर, शनिवार

दुपारी चारला दार वाजले. चाळिशीचा माणूस, चपला खाली पायरीशी काढून आलेला. पिकअपचा चालक. नाव दिनकर. सरळ मान असलेला माणूस पटकन ओळखू आला नाही.

त्याने फोनवर दंडाच्या पावतीचा फोटो दाखवला.
“हाऊ फोटो तुमनाच शे ना?”
मी फोटो मोठा करून नंबर पाहिला.
“या रस्तावर टोपडं घालीसनी सायकल कोन चालाडस? तुम्हीच एकल्या.”

आवाजात राग नव्हता. बोली धुळ्याकडची. विचारले, फोन कानाला होता की नाही?
“व्हता. खोटं कसाले बोलू?”
“गाडी बाजूला उभी करून बोलावं.”
तो हसला. लहान मुलाने काही विचारल्यावर हसतात तसा.
“मालक ऐकस ना. इंजिनना आवाज उना नही का लगेच म्हनस, चहा पी राहिना का रे? तठे घड कापीसनी टोळी बशेल ऱ्हास.”

म्हणजे असे: मळ्यात केळी कापून पडलेली, मजूर बसलेले, हमरस्त्यावर मोठा ट्रक उभा. मालक दर दहा मिनिटांनी फोन करतो. फोन उचलायचा, आणि मागे इंजिन ऐकू आले पाहिजे. उभ्या गाडीतून बोलणारा चालक कामचुकार.

“मंग तुम्हीच सांगा मॅडम, मी काय करू?”

 तीस वर्षे वर्गात उत्तरे देत उभी राहिले. चहा केला.

बायको-पोरे धुळ्याकडे गावी. हा इथे गोदामात झोपतो. “घरना फोन ते मी गाडी उभी करीसनीच करस. बाई रडस, मंग रस्तावर ध्यान लागत नही.” जाताना म्हणाला, एक पावती मालकाने ऐकून घेतली. “दुसरी उनी ते गाडीवरतून उतारी दी.” म्हणजे काम जाईल.

कप स्वतः विसळून पालथा ठेवून गेला.

बुधवारी दुसरी तक्रार गेली आहे हे मी सांगितले नाही. तो गेल्यावर अ‍ॅप उघडले. तक्रार मागे घ्यायची सोय नाही. सगळीकडे शोधले.

त्याच दिवशी, नंतर

६.४५. मु. बोलत होती. मी तिचे ऐकत नव्हते, मागचे ऐकत होते. दिनकरच्या मालकासारखी.

टक टक टक टक. मग थांबले. थोड्या वेळाने पुन्हा. गाडी वळवताना दिवा लागतो त्याचा आवाज. शेजारून कुणाचा तरी हॉर्न. मु. बोलता बोलता क्षणभर थांबते, वाक्य पुन्हा धरते. इतके दिवस मला वाटायचे, ती विचार करते आहे.

कंपनीची बस दिवाळीपासून बंद झाली हे तिनेच सांगितले होते. मी विसरले नव्हते. मग आता कशाने येतेस, हे विचारले नव्हते.

१६ डिसेंबर, सोमवार

सकाळी दोन क्लिपा पाठवल्या. एक एस.टी.च्या पुढे फोनवर बोलत रेंगाळणारी मोटार, एक ट्रॅक्टर. संध्याकाळी अठरा मिनिटे मु.शी बोलले. विचारले नाही.

विचारले तर काय होईल ते माहीत आहे.

१७ डिसेंबर, मंगळवार

पांढरी पिकअप. चालक दुसरा, पोरगेलासा, मिशी नुकती फुटलेली. त्याचाही फोन कानाला.

नाक्यावर चहा घेतला. टपरीवाल्याला विचारले, दिनकर दिसत नाही?
“त्याला उतरवलं ना मालकानं. लागोपाठ दोन पावत्या. गेला धुळ्याकडं.” कप पुसत होता. माझ्याकडे पाहिले नाही. मग म्हणाला, “नवं पोरगं चांगलं आहे, पण गाडी जरा जोरात हाकतं.”

नव्या पोराची क्लिप आहे. नंबर स्वच्छ आहे. दिनकर निदान रस्ता ओळखत होता.

पाठवली.

१९ डिसेंबर, गुरुवार

विचारले.

“मुक्ता, गाडी तू चालवते आहेस ना आत्ता?”
“हो. का गं?”
“आणि फोन?”
“आई, फोन गाडीलाच जोडलाय. दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत. तुझ्या त्या केळीवाल्यांसारखी नाहीये मी.”
“घरी पोचल्यावर करत जा.”

 टक टक चालू होते.

“घरी पोचल्यावर नाही होत आई. दारातच ओवी लटकते. मग स्वयंपाक, मग सुहासचं काही, मग माझं पुन्हा लॅपटॉप. दिवसात हीच वीस-पंचवीस मिनिटं माझी आहेत. ती मी तुला देते.”

 मी म्हणाले, मला नकोत.

“नकोत?”
“गाडीतली नकोत.”

फोन कुणी ठेवला ते आठवत नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

६.४५ला वाजला. उचलला नाही. समोर ठेवून पाहत बसले. थांबला. पुन्हा वाजला. थांबला. तिसऱ्यांदा. मग मेसेज:

आई कुठेय बरी आहेसन फोन उच्ल

मु. अशी लिहीत नाही. तिला मी शिकवले आहे, दहावीपर्यंत. हे चालत्या गाडीत, एका हाताने लिहिले आहे. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मी ते काढायला लावले.

इतक्यात अक्का स्वतःचा फोन घेऊन धापा टाकत आत. “घ्या, तुमची मुक्ता हाये. रडकुंडीले आली पोरगी. म्हने आई पडली का पाहा.”

म्हणजे तिने आधी अक्कांचा नंबर शोधला. तोही गाडीतच.

फोन आतल्या खोलीत राहिला होता, असे सांगितले. अक्का ऐकत उभ्या होत्या. टेबलावरच्या माझ्या फोनकडे त्यांनी एकदा पाहिले.

२२ डिसेंबर, रविवार

ठरले. रोज नाही. रविवारी सकाळी दहाला, घरून.

दहा वाजून दहा मिनिटांनी आला. व्हिडिओ. ओवीने दात दाखवला. सुहास मागून नमस्कार करून गेला. मु.ने विचारले, जेवलीस का? सकाळी दहाला. मीही म्हणाले, व्हायचंय. कोथिंबिरीच्या बाईंचे विचारले तर म्हणाली, सांगेन नंतर, आणि डोळ्यांनी खुणावले की सगळे ऐकत आहेत. सहा मिनिटे.

गाडीत बोलणारी मुक्ता घरात नसते.

२४ डिसेंबर, मंगळवार

पावणेसातला काहीतरी करत असावे म्हणून वांगे भाजले. एकाचे भरीत. अर्धे अक्कांना नेऊन दिले. त्या म्हणाल्या, “बसा.” बसले. त्यांची मालिका चालू होती. त्यात एक बाई गाडी चालवत फोनवर बोलत होती आणि रडत होती.

“हिचा नंबर घ्या मॅडम,” अक्का म्हणाल्या.

२६ डिसेंबर, गुरुवार

रावेर रस्ता. दोन क्लिपा. एकीत बाई आहे, तोंडासमोर फोन आडवा धरून बोलते आहे. हसते आहे. कुणाशी तरी फार चांगले बोलणे चालले आहे. घरी येऊन तो तुकडा चार वेळा पाहिला. नंबर पाहायचा होता.

२९ डिसेंबर, रविवार

मेसेज: ‘पाहुणे आलेत. उद्या करते नक्की.’

३० डिसेंबर, सोमवार

नाही.

नियम मी केला. तिने पाळला.

२ जानेवारी, गुरुवार

सकाळी निघाले नाही. साखळीला तेल दिले. डोंगर दिसत नव्हता इतके धुके.

संध्याकाळी ६.५०ला वाजला. मु. गुरुवार, म्हणजे गाडीतून. तीन रिंगांपर्यंत थांबवले स्वतःला. चौथ्याला उचलला.

“आई, ओरडू नकोस. फक्त ऐक.”

आवाज बसलेला.

“गाडी बाजूला घे,” मी म्हणाले.
“इथे थांबायला जागा नाही. पूल आहे. आई, ऐक ना.”

नोकरी सोडणार आहे. आज वरिष्ठांना सांगून आली. सुहासला माहीत नाही. घरी सांगायचे कसे कळत नाही, घराचा हप्ता, ओवीची शाळा. नोव्हेंबरपासून तिला झोप नाही. नोव्हेंबरपासून, म्हणजे आम्ही कोथिंबिरीवर हसत होतो तेव्हाही. म्हणाली, “मी रोज तुला सांगायला फोन करायचे आणि दुसरंच काहीतरी सांगायचे. मग तू ते बंदच केलंस.”

पूल संपला असेल. बाजूला जागा आली असेल. मी पुन्हा म्हणाले नाही. म्हटले असते तर ती थांबली असती का, की फोन ठेवला असता, हे मला माहीत नाही, आणि मला ते करून पाहायचे नव्हते. ती रडत होती आणि गाडी चालवत होती. मी ऐकत होते. एकतीस मिनिटे.

शेवटी म्हणाले, पोचलीस की कळव. असे मी आधी कधी म्हटले नव्हते.
“हो. दहा मिनिटांत पोचते.”

७.२१ला ठेवला. आता आठला पाच कमी. कळवलेले नाही. ओवी लटकली असेल. सुहासशी बोलत बसली असेल. किंवा इमारतीखाली गाडी लावून नुसती बसली असेल.

अक्का दारातून विचारून गेल्या, दिवे का नाही लावले?

मी फोन केलेला नाही. मी कधीच करत नाही. म्हणूनच आता केला, तर ती जिथे असेल तिथे, अजून गाडी चालवत असली तरी, उचलेल.