हाद्धू आणि दस्सातो

रवि. ५ ऑक्टो., हार्लेम (नेदरलँड्स)
शाहीनखानुम आजही रेकॉर्डर सुरू होताच बातम्या देणाऱ्या बाईसारख्या बोलल्या. त्यांच्या इराणी खेड्यात दस्तचं, म्हणजे हाताचं, 'दस्स' होतं. शेजारचा स त-ला गिळतो. माइकसमोर मात्र त ठणठणीत. "आम्ही लिहितो तसंच बोलतो," म्हणे. मी पुण्याची, मीही मराठीबद्दल तेच ठणकावलं. दोघी खूश, माझ्या पीएचडीचा बोली उच्चारांवरचा चॅप्टर शून्य.

मंगळ. ७, नायमेखन
प्रोफेसरबाई: महिनाअखेरपर्यंत सहज बोलण्याचं रेकॉर्डिंग आलं नाही तर हा चॅप्टर वगळू. सायकल दामटत घरी. रडू येत होतं. मग भूक लागली.

रवि. १२, परतीची ट्रेन
नवऱ्याला आइंडहोवनला काम, म्हणून इराला (वय सहा) सोबत नेलं. पोरगी खानुमच्या बागेतून मातीचे हात घेऊन आली ती थेट बिस्किटांवर. मी ओरडले, "आधी हाद्धू!" आणि त्याच दमात खानुम, "दस्सातो बेशूर!" अर्थ अगदी तोच. माइक चालू!!

पाच वेळा ऐकलं. स्वच्छ दस्स. आणि माझं हाद्धू? शेजारी ध आला की त-चा द. लिहितो तसंच बोलतो म्हणे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. एकटीच खिदळतेय. इरा डचमध्ये दटावते, "ममा, डू नॉर्माल." नीट वाग म्हणे.

गुरु. १६
खानुमचा फोन. "ते पुसून टाक. तेहरानच्या शाळेत माझ्या त्या 'दस्स'वर अख्खा वर्ग हसला होता."
गेला चॅप्टर. पण आवाज त्यांचा, हक्क त्यांचा. संमतीचा फॉर्म अजून कोराच. म्हटलं, पुसते, फक्त आधी एकदा ऐका. क्लिप पाठवली.

रवि. १९, हार्लेम
पुसायच्या तयारीनेच गेले. खानुम दारातच हसत उभ्या. क्लिप गावातल्या बहिणीला ऐकवली म्हणे. "ती म्हणाली, अगं, ही तर आपली आई बोलतेय." बहीण स्वतः आता टीव्हीसारखं 'दस्त' म्हणते. गावात सगळेच.

रेकॉर्डरचं बटण त्यांनीच दाबलं. दोन तास! 'बद' म्हणजे वाईट, 'तर' म्हणजे अधिक, शेजारी आले की बत्तर. म्हणजे आपलं बत्तरही तिथलंच की. मी नाचायचीच बाकी होते.

मधेच हळूच फॉर्म आणि पेन पुढे सरकवलं.
"थांब," म्हणाल्या, "अजून बोलतेय मी."