क्रॅबट्रीला का सोडलंस?

टोलेडो, शुक्रवार, ९ मे

प्रिय लायल,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू तीन वेळा ‘हं’ म्हणतोस, चौथ्यांदा तुला कुणाच्या तरी घरचा हीटर दुरुस्त करायला जायचं असतं, आणि मी भिंतीशी बोलल्यासारखी फोन धरून उभी राहते. लांबलचक मेसेज तू वाचत नाहीस हे आपल्या मुलीने, कॉरीननेच सांगितलंय. म्हणून कागद. कागदाला ‘हं’ म्हणता येत नाही.

मंगळवारी तू डेव्हन क्रॅबट्रीला आपल्या बेसबॉलच्या संघातून काढून टाकलंस. मला न विचारता! जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेत सँडविच खाता खाता मी फोनवर संघ उघडला तर पिचरांच्या यादीत एक जागा रिकामी. वाटलं, वेबसाइट बिघडली असेल. मग खाली ओळ दिसली: ‘गळकं छप्पर या संघाने क्रॅबट्रीला सोडले.’ तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. शेजारच्या टेबलावर मेरीलू बसली होती, ती नवीन मुलगी, नदीच्या पाण्याचे नमुने बघते ती. तिला सांगायला गेले तर ती म्हणते, “म्हणजे खेळणारे खरे, सामने खरे, त्यांच्या आकड्यांवरून तुम्हाला गुण, पण तुमचा संघ कागदावरचा? आणि त्यासाठी तुम्ही एवढ्या चिडलात?” मी म्हटलं, हो बाई, संघ कागदावरचा आहे, पण चीड शंभर टक्के खरी आहे.

क्रॅबट्री माझा होता, लायल. मान्य आहे, संघ दोघांचा आहे. पण त्या मुलाला मी शोधलं होतं. अख्खा जानेवारी बाहेर गुडघाभर बर्फ असताना मी स्वयंपाकघरात बसून खालच्या लीगमधल्या दोनशे पिचरांचे आकडे उतरवून काढले. किती फलंदाजांना चेंडूला बॅटही न लावू देता परत पाठवलं आणि किती जणांना चार वाईट चेंडू टाकून फुकट पहिल्या बेसवर चालू दिलं, या दोनच गोष्टी पिचरच्या स्वतःच्या हातात असतात, बाकी सगळं पाठीमागे उभ्या असलेल्या सात जणांच्या आणि वाऱ्याच्या हातात, हे मी तुला पंचवीस वर्षं सांगत आलेय. मार्चमध्ये बोलिंग अ‍ॅलीच्या मागच्या खोलीत आपण बारा संघवाले खेळाडू वाटून घ्यायला बसलो, तेव्हा अगदी शेवटच्या फेरीत मी त्याचं नाव घेतलं. सगळे म्हणाले, हा कोण? तूसुद्धा! आणि एप्रिलच्या पहिल्या तीन सामन्यांत त्याने बावीस जण परत पाठवले तेव्हा तूच सगळ्यांना सांगत सुटलास की आमचा क्रॅबट्री बघा. तेव्हा तो ‘आमचा’ होता.

मग दोन सामने वाईट गेले. अकरा धावा गेल्या. बरं, गेल्या! त्यातल्या तीन त्या डावीकडच्या खेळाडूने उन्हात चेंडू हरवला म्हणून, दोन पावसाने थांबून पुन्हा सुरू झालेल्या खेळात. त्या दोन सामन्यांत त्याने पंधरा जण परत पाठवले आणि फुकट फक्त तीन सोडले. हे आकडे वाईट आहेत का? दोन सामन्यांवरून माणूस टाकून देतात का? एक गोष्ट स्पष्टच लिहिते, कारण नाहीतरी तुझ्या मनात ती येणारच: होय, मला आपलं लग्न आठवलं. त्याचीही शेवटची दोन वर्षं वाईट होती, आणि त्याआधीची सव्वीस बरी होती. पण तुला धीर धरवत नाही. तू उठतोस आणि जातोस.

बरं, टाकायचाच होता तर बदल्यात कुणी तरी घ्यायचा होता! आपल्या बाराजणांत असा एक तरी माणूस आहे का ज्याने तेवीस वर्षांचा, चेंडूला आग लावणारा पिचर फुकट सोडून दिला? रॉनी पेट्रस तीन आठवडे त्याच्यासाठी माझ्या मागे लागला होता. त्याने त्याचा तिसऱ्या बेसवरचा चांगला खेळाडू देऊ केला होता, आणि वर एक पिचर. तुलाही त्याने विचारलं होतं, मला माहीत आहे. तू नाही म्हणालास आणि दुसऱ्या दिवशी पिचर रस्त्यावर ठेवून दिलास! रॉनी तळाला आहे, म्हणजे सोडलेल्या खेळाडूवर पहिला हक्क त्याचा. आयत्या बिळावर नागोबा. बुधवारी सकाळी बाराही जणांना त्याचा मेसेज: “बर्नडीन, आभारी आहे गं! घटस्फोटात नवरा गेला, आता पिचरही गेला. पुढच्या वेळी कुत्रा सोडणार असाल तर आधी मला कळवा.” खाली सात जणांनी हसणारे चेहरे टाकले. तू काही टाकलं नाहीस, पण तू माझी बाजूही घेतली नाहीस. मूग गिळून बसलास.

मीही मग गप्प बसले नाही. मी तिथेच सगळ्यांसमोर लिहिलं की बस झालं, हा संघ आता दोघांचा राहणार नाही. तू ते वाचलंस. त्यावर नॉर्बचा काल फोन आला. लीगचा प्रमुख झाला म्हणून काय, बोलतो अजून दातांच्या डॉक्टरसारखाच. “बर्नी, तोंड उघड आणि एकदाच काय ते सांग. रविवारी संध्याकाळपर्यंत मला एक नाव हवं. तुझं किंवा त्याचं. तुमची कोर्टातली लढाई माझ्या लीगमध्ये नको.” मी त्याला म्हटलं, कोर्टात आम्ही लढलोच नव्हतो. खरंच नव्हतो. वकीलबाईंनी घर, गाडी, होडी, कुत्रा असं सगळं विचारून झाल्यावर आणखी काही आहे का म्हणून विचारलं, आणि आपण दोघं एकदमच म्हणालो, “संघ.” ती हसली. आपण हसलो नाही. तिच्या कार्यालयाबाहेर, गाड्यांच्या मधे उभं राहून आपण ठरवलं होतं की संघ दोघांच्या नावावर राहील आणि एकमेकांना विचारल्याशिवाय एकाही पिचरला हात लावायचा नाही. सहा वर्षांत मी तो शब्द एकदाही मोडला नाही. तो मिशीवाला म्हातारा पिचर तुला हवा होता, त्याच्यासाठीसुद्धा मी ‘हो’ म्हटलं होतं. एक्केचाळीस वर्षांचा! मी कारण विचारलं तर तू म्हणालास, मला त्याची चाल आवडते. नऊ सामने हरला तो, चाल मात्र छान होती.

हेच तर आपलं पहिल्यापासूनचं भांडण. मी वहीत बघते, तू माणसाकडे बघतोस. लोकांच्या तळघरात गेल्यावर हीटरला हात न लावता तू नुसता उभा राहून ऐकतोस आणि सांगतोस, हा जानेवारी काढणार नाही. मी त्यावर म्हणायची, कशावरून? तुला ते सांगता यायचं नाही आणि मला न सांगितलेलं पटायचं नाही. दोन हजार अकरा साली तू त्या डावखुऱ्याला घेऊ दिलं नाहीस, कारण काय, तर तो बाकावर एकटा बसतो. त्या वर्षी तो डावखुरा लीगमध्ये पहिला आला आणि आपण नववे. ते मी तुला विसरू देणार नाही. पण खरं सांगायचं तर उलटंही झालंय. तू ‘नको’ म्हणालेले आणि मी हट्टाने घेतलेले किती जण मे महिन्यात लंगडत घरी गेले, ते मी कधी वहीत लिहिलं नाही. तेवढाच एक रकाना मी ठेवला नाही.

आणि एक गोष्ट मी विसरायला नको होती. तू स्वतः कॉलेजात पिचर होतास. शेवटचा अख्खा हंगाम तू दुखरं कोपर घेऊन टाकत राहिलास, प्रशिक्षकाला सांगितलं नाहीस, आईबापाला नाही, मला तर नाहीच. दोन डावांच्या मधे स्वेटरच्या आत हात घालून बधिर झालेली बोटं चोळायचास म्हणे. मला ते कळलं कधी, तर कॉरीन जन्मल्यावर, जेव्हा तिला डाव्या हातानेच उचलताना मी तुला पाहिलं आणि विचारलं. किती रागावले होते मी तेव्हा! तुझं दुखत होतं म्हणून नव्हे. तीन वर्षं त्याच घरात राहून मला माहीत नव्हतं म्हणून. तू तेव्हाही ‘हं’ म्हणाला होतास.

आता जे मी मघापासून खाली ढकलत आलेय ते लिहिते. आज सकाळी सहा वाजता कॉफी ठेवली आणि बातम्या उघडल्या. क्रॅबट्रीच्या कोपरातला स्नायुबंध फाटलाय. शस्त्रक्रिया होणार, हा हंगाम गेला आणि पुढचाही बहुधा गेला. मी ते दोनदा वाचलं, मग जानेवारीची वही काढली. शेवटच्या दोन सामन्यांत चौथ्या डावानंतर त्याच्या चेंडूचा वेग दोन-दोन मैलांनी उतरला होता. ते मी माझ्याच हाताने लिहून ठेवलेलं आहे आणि बाजूला लिहिलंय, ‘थंडी?’ मग कॉरीनला फोन केला, कारण मला आठवलं की मागच्या रविवारी ती तुला क्लीव्हलँडला त्याचाच सामना बघायला घेऊन गेली होती. ती म्हणाली, “आई, चौथ्या डावानंतर बाबा बोलायचेच थांबले. हॉट डॉग तसाच हातात. म्हणाले, पोरगा कोपर लपवतोय. मी म्हटलं, आईला सांगा ना. तर म्हणाले, तुझी आई आकडे मागेल.”

लायल, मागितले असते! नक्की मागितले असते! मग मागू द्यायचे होतेस! मी आरडाओरडा केला असता, तुला मूर्ख म्हटलं असतं, आणि वही उघडून तुझ्यासमोर आपटताना माझी नजर त्या दोन मैलांवर गेली असती. कदाचित. तेवढी संधी तू मला दिली नाहीस. आणि दुसरं जे कॉरीनने सांगितलं त्यावर मला रागावताही येईना, म्हणून आणखीच राग आला. रॉनीचा तिसऱ्या बेसवाला तू का घेतला नाहीस, तर दुखावलेला पोरगा माहीत असून मित्राच्या गळ्यात मारायचा नव्हता तुला. त्या रॉनीच्या, जो आपल्या घटस्फोटावर विनोद करतो! तू पिचर सोडून दिलास, त्याने तो स्वतःच्या हाताने उचलला. हात दाखवून अवलक्षण! आज सकाळपासून त्याचा एकही मेसेज नाही. मी चार दिवस तुला घाबरट समजत होते आणि तू नुसता सरळ वागत होतास, कुणाला काही न सांगता. अठ्ठावीस वर्षं मी तुझ्याशी संसार केला आणि मला तू ओळखता येत नाहीस, याला काय म्हणायचं? आकडे मागत होते म्हणून तू सांगत नव्हतास, की तू सांगत नव्हतास म्हणून मी आकडे मागत होते, ते आता कोण सांगणार. आपण दोघांनी मिळूनच ते बिघडवलं.

पत्र लिहिण्याचं कारण हे. नॉर्बला मी रविवारची वाट न बघता आज सकाळीच फोन केला. तो विचारू लागला, कोणाचं नाव लिहू, तर मी म्हटलं, जी दोन आहेत तीच राहू दे आणि तुझं तोंड बंद कर. सोबत एक तिकीट घातलंय. पुढच्या शनिवारी दुपारी एक वाजता इथल्या मैदानावर आपल्या गावच्या पोरांचा सामना आहे. पहिल्या बेसच्या बाजूची, अगदी खालची रांग, जिथून पिचरचा हात जवळून दिसतो. दुसरं तिकीट माझ्याकडे आहे. वही मी घरी ठेवून येणार आहे. मी इतकी वर्षं मैदानाच्या मधल्या त्या टेकाडावर उभ्या पिचरकडे बघतेय आणि त्याला कुठे दुखतंय ते मला एकदाही दिसलं नाही. तू मला ते बघायला शिकव. कशावरून, असं मी विचारेन, सवय आहे. तेव्हा गप्प बसू नकोस, ‘मला वाटतं’ एवढं जरी म्हणालास तरी चालेल. मी ऐकून घेईन.

अजून चिडलेलीच, पण शनिवारी तुझ्या शेजारी बसणारी,
तुझीच
बर्नडीन