एकतीस दोरे

६ जानेवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या शाळेतल्या मुलांना आम्ही कॉलेजवाल्यांनी पत्रांतून मार्गदर्शन करायचं ही टूम तुझी, आणि त्यात ओढलंस नेमकं मला! अगं, मलाच कुणी मार्गदर्शन करील का म्हणून मी वाट बघतेय. वास्तुरचनेचं तिसरं वर्ष मी दुसऱ्यांदा करतेय, हे विसरलीस वाटतं. यंदा डिझाइनमध्ये पुन्हा आपटले तर कॉलेज नाव काढून टाकणार, आणि बाबांनी आधीच सांगून ठेवलंय की मग पेटी भरायची आणि घरी यायचं. खरं सांगते मावशी, फार भीती वाटते गं.

तरी तुझ्या तिसरीतल्या पिटुकलीला लिहिलं. अभ्यास कर, हात स्वच्छ धू, असलं काहीबाही ठोकून दिलं. सोबत माझ्या परीक्षेच्या कामाचं, म्हणजे शाळेच्या वर्गखोलीचं चित्र पाठवलंय. तेवढंच पोरीला अप्रूप.

काकांना नमस्कार. माझी कुरकुर ऐकून कंटाळलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
पेन्सिल


१९ जानेवारी

प्रिय पेन्सिलताईस,
सा. न. वि. वि.

तुला घरी पेन्सिल म्हणतात असं बाईंनी सांगितलं. मला पिटुकली म्हणतात, कारण रांगेत मी सगळ्यांत पुढे असते. मी हात धुते.

तुझं चित्र आम्ही सगळ्यांनी बघितलं. खोली छान आहे. पण खिडक्या कुणासाठी आहेत? आमच्या वर्गातल्या खिडकीतून आम्हाला नुसतं आभाळ दिसतं. बाहेर काही झालं की बाईंना दिसतं, आणि त्या एकट्याच हसतात. तुझ्या खोलीतपण तसंच होणार. तू कुणाला विचारलं नाहीस का?

राग आला असेल तर तसं लिही. नसेल आला तरी लिही.

तुझी,
पिटुकली


१ फेब्रुवारी

चि. पिटुकलीस,
अनेक आशीर्वाद.

राग आला. चांगली दोन दिवस फुगून बसले. मग कपाळावर हात मारून घेतला, कारण खिडकीची उंची मी पुस्तकातून जशीच्या तशी उतरवली होती. खरंच कुणाला विचारलं नव्हतं.

आता एक काम करशील? वर्गातल्या प्रत्येकाची जमिनीपासून डोळ्यांपर्यंतची उंची दोऱ्याने मोज, दोरा तिथेच काप, त्याला नावाची चिठ्ठी बांध आणि सगळे दोरे मला पाठव. तुझ्यावर भिस्त आहे हं.

असंच कान पकडत राहा.

तुझी,
पेन्सिलताई


२४ मार्च

चि. पेन्सिल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी खाली बस, मग वाच. तुझी परीक्षा या मुलांच्या दोऱ्यांवर उभी आहे, असं मी काल वर्गात मोठ्या कौतुकाने सांगितलं. आज मधल्या सुट्टीत पिटुकली माझ्यासमोर ढसाढसा रडली. तुला पाठवलेले एकतीसच्या एकतीस दोरे चुकीचे आहेत. मोजताना प्रत्येक जण टाचा उंच करून उभा राहिला होता, कारण कुणालाच बुटकं ठरायचं नव्हतं. पिटुकलीबाईसाहेबांनी तर सगळ्यांत जास्त टाचा उचलल्या होत्या! तू आता नापास होणार आणि ते तिच्यामुळे, हे तिच्या मनाने घेतलंय.

मी म्हटलं, पुन्हा मोजू. त्यावर नाक पुसत ती म्हणाली की उभं केलं तर सगळे पुन्हा तेच करतील; बाकावर बसवून मोजू, बसल्यावर टाचा उचलून काही मिळत नाही. मग दुपारभर वर्गात मोजणीच चालली. नवे दोरे सोबत आहेत.

तुझे नकाशे पूर्ण झालेत आणि हातात जेमतेम दोन आठवडे आहेत, हे मला ठाऊक आहे. बदलायचं की नाही ते तू ठरव. पण मी बावीस वर्षं शिकवतेय, म्हणून सांगते. मुलं वर्गात उभी असतात ती शिक्षा झाली तरच.

जेवणाची आबाळ करू नकोस. निकाल काहीही लागो, मावशीचं दार तुला उघडंच.

तुझी,
मावशी


१२ एप्रिल

चि. पिटुकलीस,
आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद!

पास! पास! पास! आणि नुसती पास नाही, अख्ख्या वर्गात पहिली!

तुझे नवे दोरे हातात पडले तेव्हा आधी रडू आलं. मग सगळे नकाशे बाजूला सारले आणि पहिल्यापासून काढायला बसले. परीक्षेला बाहेरून एक बाई आल्या होत्या, चेहरा अगदी कडक. त्यांनी विचारलं की सगळ्यांच्या खिडक्या वर आणि माझ्याच एवढ्या खाली कशा. पिशवीतून तुमचे एकतीस दोरे काढून टेबलावर ओळीने मांडले आणि टाचांची गोष्ट सांगून टाकली, तीही खरीखरी.

खिडकी मी भिंतीवर खडूने खऱ्या मापाची काढली होती. बाईंनी एक बुटकं स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसल्या. मग आमच्या सगळ्या सरांना एकेक करून त्या स्टुलावर बसायला लावलं! सगळ्यांत छोटा दोरा कुणाचा, असं त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं, ते त्यांनी वहीत लिहून घेतलं.

बाबांना फोन केला तर ते पेढे आणायलाच धावले. तुझं सगळं चांगलं होवो गं पोरी.

तुझी,
पेन्सिलताई


२ मे

प्रिय पेन्सिलताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. पास तीनदा लिहिलं होतंस, मी पाचदा वाचलं. सगळ्यांनी खूप टाळ्या वाजवल्या, पण त्या स्वतःसाठी होत्या. तुझ्या नकाशावर आमची नावं आहेत असं मी सांगून ठेवलंय. नसतील तर लगेच लिही.

काल आमचापण निकाल लागला. मी पास झाले. आता मी चौथीत. बाई म्हणाल्या, तूपण चौथ्या वर्षाला गेलीस. म्हणजे आता आपण दोघी बरोबरीच्या.

काही अडलं तर मला विचार. लाजू नकोस.

तुझी मैत्रीण,
पिटुकली