झडपेला मिळालेली शिळी बातमी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला? बाबांचा गुडघा शेवटी विचारतो आहे, कारण तिथवर येताना माझा धीर सुटतो.

मी ठीक आहे. माझी अब्रू तेवढी अंथरुणाला खिळली आहे. आमच्याकडे खोदाईचं यंत्र (ज्याचा लांब हात तेलाच्या दाबाने हलतो) बनवण्याआधी संगणकात चालवून बघतात. पंप, झडपा, नळ्या, सगळ्यांचं गणित एका संगणकाला झेपेना, म्हणून मी ते एकाच वेळी चालणाऱ्या आठ संगणकांत वाटून दिलं. नळीच्या एका टोकाचा दाब दुसऱ्या टोकाला पोहोचायला क्षणभर लागतोच. तेव्हा ज्याने त्याने आपलं गणित करावं आणि दुसऱ्याची मघाची बातमी धरून पुढे जावं. कुणी कुणासाठी खोळंबायचं नाही. (एकत्र कुटुंबात ही सोय नसते.)

मग मला हाव सुटली. काम लवकर उरकावं म्हणून मी गणितातल्या नळ्या लांबवल्या, म्हणजे बातम्या कमी वेळा द्याव्या लागतात, पण पोहोचतात आणखी उशिरा. साहेब चहाचा कप घेऊन पाहायला आले. झडपेला कळलं की हात खाली आहे. तिने तेल सोडलं. हात केव्हाच वर गेला होता. तो फार वर गेल्याचं कळेपर्यंत तो खाली येत होता. तिने आणखी खाली दाबला. दोघं आपापल्या जागी शहाणे, मिळून वेडे. शेवटी हाताने स्वतःचीच केबिन खणून काढली, चालकासकट. साहेबांनी विचारलं, "चालक खोटाच ना?" मी हो म्हटलं. ते कप तिथेच ठेवून गेले.

तेव्हापासून मला आमचं भांडण आठवतं आहे, ताई. आई गेल्यावर तिची शिलाई मशीन काढून टाकू असं मी म्हणालो, आणि बाबा म्हणाले, "पुन्हा माझ्या दारात उभा राहू नकोस." मी अजून तेवढंच धरून बसलो आहे. त्यांनीही माझं तेवढंच धरलं असेल. याचं मला फार वाईट वाटतं.

तुझा धाकटा

ता. क. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरल्याचं शेजारच्या काकूंकडून कळलं. मी यावं का, ते आज काय म्हणतात, विचारून कळव.

ता. क. दुसरा. विचारू नकोस. उत्तर येईपर्यंत तेही शिळं होईल. पत्र टपालात न टाकता तुमच्या, म्हणजे बाबांच्याच, दाराखालून सरकवतो आहे. दार बाबांनीच उघडलं तर बरं. त्यांना उठायला वेळ लागेल, मी थांबतो.