दोन्ही बाह्या डाव्याच

३ जानेवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद. मोठी आहे म्हणून द्यावे लागतात. वि. वि.

चिमीने ठरलेल्या लग्नाला नकार दिलाय. मुलाचं स्वतःचं औषधांचं दुकान आहे, व्यसन नाही, माणसं भली. तर म्हणते, तिला कुणी विचारलंच नाही. हे बोलणं माझ्या लेकीचं नाही, तुझं आहे. तू स्पॅनिशमधून मराठीत आणलेल्या कादंबऱ्या ती उशाशी घेऊन झोपते. तिकडच्या बायका हव्या त्याच्यावर प्रेम करतात, नको त्याला सोडतात, आणि इथे माझी पोर उलट बोलायला शिकते. स्वतः संसार केला नाहीस, माझ्या संसारात नाक कशाला खुपसतेस?

तुझं नवं पुस्तक मी काल फाडलं. कागद छान जाड आहे. पानं खळीने जोडून चिमीच्याच लग्नाच्या पोशाखाचे नमुने कापले. तेवढं तरी कामी आलं.

लोभ आहे तेवढा पुरे.
ताई

१० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तीन वर्षं खपून केलेलं पुस्तक तू न वाचता फाडलंस. दुसऱ्याच्या कापडाला तू अशी कात्री लावशील का गं? त्यात सिगारेटी ओढणाऱ्या बायका शोधत असशील तर नाहीत. आईने ठरवलेल्या घरात नांदणारी एक बाई आहे, आणि एक दार आहे. चिमीला माझ्याकडे पाठव, पुढचं शिकू दे. तिला पोशाख शिवतेस की पिंजरा, ते तुझं तूच बघ.

मनात असेल तेवढाच राग ठेवावा, वाढवू नये.
धाकटी

२१ जानेवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद नाहीत. वि. वि.

तुझ्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा माझा हात चुकला. एक बाही कापली की नमुना उलटा ठेवून दुसरी कापायची, हे मी झोपेतही चुकत नाही. पण त्या बाहीच्या कागदावर तुझ्या पुस्तकातली ती बाई कपड्यांची पेटी भरत होती. नमुना उलटला असता तर मजकूर खाली गेला असता. मी तसाच ठेवला आणि वाचत वाचत कात्री चालवली. दोन्ही बाह्या डाव्याच! तसलं कापड आता बाजारात नाही. माझ्या दुकानातल्या शिलाई मशीनवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

शेवटचं पान गळ्याच्या भोकात गेलंय, कपटे केरात. ती दाराबाहेर पडते की नाही, एका ओळीत कळव. उपदेश नको.
ताई

२८ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कळवणार नाही. पुस्तक तू फाडलंस, मी नाही. चिमीने ते पूर्ण वाचलंय, तिला विचार. महिनाभर लेकीशी अबोला धरून बसली आहेस असं तिनेच लिहिलंय, तो तरी सुटेल.

आपला राग पोचला. माझाही पोचावा.
धाकटी

६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद. वि. वि.

विचारलं. चिमी माझ्यासमोर कापणीच्या टेबलावर बसली आणि तिने सगळं सांगितलं. ती बाई जातच नाही म्हणे. पेटी पुन्हा रिकामी करते, कपड्यांच्या घड्या घालते, आणि त्याच घरात म्हातारी होते. मला इतका संताप आला की मशीनवरच्या बायकांसमोर ओरडले, दार उघडं होतं, निघायला काय झालं होतं मेलीला!

मशीनं थांबली. चिमी नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला दुसरीकडे बघायला जागाच उरली नाही.

औषधवाल्याच्या घरी मी स्वतः जाऊन नकार सांगून आले. चार शब्द ऐकून घेतले. चिमी सोमवारच्या गाडीने तुझ्याकडे येते. पेटी मी भरून दिली आहे. तू जिंकलीस असं समजू नकोस, तुझ्यावरचा माझा राग जसाच्या तसा आहे. पोरीला नीट जेवू घाल.

पुस्तकाची दुसरी प्रत टपालाने पाठव. शेवट असा कसा केलाय, मला स्वतःला वाचायचंय.
ताई